ऊब

थंडीच्या दिवसांत ऊब सर्वांनाच हवी असते. परंतु ऊब देणे म्हणजे केवळ झाकून ठेवणे नव्हे. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने कोंबडीची पिल्ले वाढवताना हा धडा कसा घेतला, ते तिने या पाठात स्वतःच्या शब्दांत सांगितले आहे. लहान पिल्लांना थंडीत ऊब कशी द्यावी, याची शास्त्रीय माहितीही या पाठातून मिळते.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात आहे. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री येथील पारा पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. द्राक्षांच्या बागांना ही थंडी सोसत नाही. मण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचे कोमट पाणी वेलींना देतात.

माझे अब्बा अशाच एका बागेत कामाला जात. नोव्हेंबर महिन्यात मांडवाच्या तारा ओढताना ते शिडीवरून पडले. पाय मोडला. पायाला प्लास्टर घालून ते खाटेवर पडून राहिले आणि घरात येणारी रोजची मजुरी बंद झाली. अम्मी शिवणकाम करते. पण तेवढ्यावर पाच माणसांचे घर कसे चालणार? शेवटी अम्मीने भिशीचे पैसे उचलले आणि अंडी उबवणी केंद्रातून गिरिराज जातीची एक दिवसाची २५ पिल्ले आणली.

"जूनपर्यंत ही अंडी देऊ लागतील," अम्मी म्हणाली. "तेव्हा तुझं दहावीचं वर्ष सुरू होईल. वह्या-पुस्तकांची काळजी मिटेल. रात्री मात्र पिल्लांकडे तूच बघायचं."

पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली होती. खोक्याला चारही बाजूंनी गोल भोके होती. त्या भोकांतून पिवळ्या चोची बाहेर डोकावत होत्या. माझा धाकटा भाऊ मुन्ना म्हणाला, "आपा, हे खोकं उंदरांनी कुरतडलंय का?" आम्ही सारे हसलो.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. पिल्ले मोठमोठ्याने ओरडू लागली. मी खोक्यावर घरातला एलईडी दिवा टांगला. उजेड लख्ख पडला; पण दिव्याखाली हात धरला तर ऊब अशी लागेना. मग मी दादीची जाड गोधडी आणली. खोक्यावर पसरली. तिची चारही टोके खाली खोचली. एवढ्याने माझे समाधान झाले नाही. खोक्याच्या भोकांमध्ये मी चिंध्या कोंबल्या. आता आत थंडीचा शिरकाव व्हायला जागाच उरली नव्हती.

थोडा वेळ पिल्ले ओरडत राहिली. मग आवाज हळूहळू कमी झाला आणि थांबला. मला वाटले, बिचारी आता उबेत झोपली.

सकाळी मी गोधडी उचलली. आतून दमट, घाण वासाची वाफ तोंडावर आली. पिल्लांची अंगे ओली झाली होती. सारी एका कोपऱ्यात गोळा झाली होती. एकेक पिल्लू मी बाजूला केले. खाली नऊ पिल्ले मरून पडली होती.

अम्मी दारात उभी होती. ती मला एक शब्दही बोलली नाही. तिने रागावावे असे मला वाटत होते. पण ती मुकाट्याने चुलीपाशी गेली आणि पाणी तापवू लागली.

शाळा सकाळी अकराची होती. मी मेलेले एक पिल्लू कागदात गुंडाळले आणि मुन्नाला घेऊन गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

"डॉक्टरसाहेब, आमची पिल्लं थंडीनं मेली," मी सांगितले.

त्यांनी पिल्लू हातात घेऊन पाहिले. मग विचारले, "अंग ओलं कसं? पाण्यात पडलं होतं का?"

"नाही. मी तर चांगलं गोधडीखाली झाकून ठेवलं होतं."

"रात्री पिल्लं ओरडत होती?"

"आधी ओरडत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, झोपली."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळ, ती झोपली नव्हती. तू त्यांची थंडी अडवायला गेलीस आणि त्यांची हवाही अडवलीस."

मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिच्या पिसांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ती अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर मात्र पिसे नसतात. नुसती मऊ लव असते. शिवाय त्याचे अंग एवढेसे. त्यातली उष्णता लगेच निघून जाते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपल्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. थंडी वाजली की पिल्ले एकमेकांना चिकटतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. खोक्याला कोपरे असले की कोपऱ्यात ढीग होतो. खालची पिल्ले चेंगरतात आणि गुदमरतात. बंद खोक्यात त्यांच्या श्वासातली वाफ बाहेर जात नाही. तिचे पाणी होऊन पिल्ले भिजतात, आणि भिजलेले पिल्लू कोरड्या पिल्लापेक्षा फार लवकर गारठते.

"मग खोक्याला भोकं कशाला होती, ते आता सांग," डॉक्टरसाहेब मुन्नाला म्हणाले.

"हवेला!" मुन्ना ओरडला.

"शाबास! अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात असतो. त्यावर ते दोन दिवस दाण्यावाचून राहू शकतं. म्हणूनच पिल्लं इतक्या दुरून खोक्यातून आणता येतात. पण हवेवाचून ती राहू शकत नाहीत."

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने विचारले, "उरलेल्या सोळांसाठी खोलीत कोळशाची शेगडी ठेवू का? दार-खिडक्या लावून घेते."

"मुळीच नको!" ते एकदम म्हणाले. "बंद खोलीत कोळसा धुमसला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पिल्लं तर जातीलच. पण त्या खोलीत झोपलेली माणसंही सकाळी उठणार नाहीत."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आदल्या रात्री शेगडी ठेवण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

घरी येऊन मी दादीला सारे सांगितले. दादीने जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या. ती म्हणाली, "बेटी, खुडूक कोंबडीला कधी नीट पाहिलं आहेस? एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते. पिल्लं निघाली की त्यांना पंखाखाली घेते. पण पंख घट्ट मिटत नाही. ते ढिले सोडते. पिल्लू मधूनच डोकं बाहेर काढतं, दाणा टिपतं, गारठलं की पुन्हा आत शिरतं. आई ऊब देते, कोंडून ठेवत नाही."

डॉक्टरसाहेबांनी कागदावर काढून दिलेल्या आकृतीत अगदी हेच होते. मध्यभागी उबदार जागा, भोवती थोडी गार जागा, आणि पिल्लांना दोन्हींकडे जाण्याची मोकळीक. अशा व्यवस्थेला ब्रूडर म्हणतात. कोंबडी नसताना पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याचे हे साधन आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही ब्रूडर तयार केला. खोलीच्या कोपऱ्यापासून दूर, जमिनीवर दोन इंच जाडीचा भाताच्या तुसाचा थर पसरला. तुसाला इकडे 'गादी' म्हणतात. गादीमुळे फरशीचा गारठा वर येत नाही. पिल्लांनी तूस दाणा समजून खाऊ नये, म्हणून पहिल्या तीन दिवसांसाठी त्यावर कागद अंथरला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, म्हणून तो आधी चुरगळून घेतला. भोवती दीड फूट उंचीच्या पुठ्ठ्याचे चार फूट रुंदीचे गोल कडे उभे केले. गोल अशासाठी, की त्याला कोपरा नसतो. वरून मांजर येऊ नये म्हणून जाळी टाकली. जाळीतून हवा खेळते.

आता प्रश्न दिव्याचा होता. एलईडी दिवा थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतो, हा त्याचा गुण. पण त्यामुळेच तो ऊब देत नाही. जुन्या पद्धतीच्या तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये मात्र बहुतेक विजेची उष्णता होते. एका पिल्लाला साधारण दोन वॉट असा हिशोब धरतात. आमच्या १६ पिल्लांना एक बल्ब पुरला असता. पण निफाडची थंडी लक्षात घेऊन आम्ही ६० वॉटचे दोन बल्ब लावले. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. बल्ब जमिनीपासून दीड फूट उंचीवर, तारेने पक्के बांधून टांगले. बल्ब खाली पडला किंवा कागदाला टेकला तर आग लागू शकते.

शाळेतल्या प्रयोगशाळेतून सरांनी थर्मामीटर दिला. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करायचे असते. त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा.

"पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे जास्त लक्ष दे," डॉक्टरसाहेबांनी बजावले होते. "पिल्लं स्वतःच सांगतात." त्यांनी सांगितलेल्या खुणा मी वहीत लिहून ठेवल्या :

१. पिल्ले दिव्याखाली दाटीवाटीने गोळा झाली आणि मोठ्याने ओरडू लागली, तर त्यांना थंडी वाजत आहे. दिवा खाली घ्यावा.

२. पिल्ले दिव्यापासून दूर कडेला गेली, पंख पसरून व चोच उघडून धापा टाकू लागली, तर त्यांना उकडत आहे. दिवा वर घ्यावा.

३. सारी पिल्ले एकाच बाजूला गोळा झाली, तर दुसऱ्या बाजूने गार वाऱ्याचा झोत येत आहे. तो झोत अडवावा. मात्र खोलीतली हवा बंद करू नये.

४. पिल्ले सगळीकडे सारखी पसरली असतील, काही खात असतील, काही झोपली असतील आणि हळू आवाजात चिवचिवत असतील, तर सारे ठीक आहे.

हे वाचल्यावर मला त्या रात्रीची आठवण झाली. पिल्ले मला सांगत होती. मला त्यांची भाषा येत नव्हती.

आम्ही पिल्लांना कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून दिला. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवली, म्हणजे पाणी कोठे आहे ते त्याला कळते. पाण्याची थाळी उथळ ठेवली आणि तिच्यात स्वच्छ खडे टाकले, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून भिजत नाही. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा दिला व नंतर पिल्लांचे खाद्य सुरू केले. पहिल्या आठवड्यातच डॉक्टरसाहेबांनी प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात राणीखेत रोगाच्या लसीचा एकेक थेंब टाकला. गादी ओली झाली की तिच्यातून अमोनिया वायू सुटतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात. म्हणून मी रोज शाळेतून आल्यावर गादी खाली-वर करत असे व ओला भाग काढून टाकत असे. तिसऱ्या दिवशी एक अशक्त पिल्लू मेले. मी रडू लागले, तेव्हा दादी म्हणाली, "ते आधीपासूनच दाणा टिपत नव्हतं. प्रत्येक मरण तुझ्यामुळे नसतं, बेटी."

उरली पंधरा.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मला अचानक जाग आली. खोलीत काळोख होता. वीज गेली होती. पिल्ले ओरडत होती. या वेळी मी 'झोपतील' असे म्हणून पडून राहिले नाही. ताडकन उठले.

अम्मीही उठली. तिने अंगणात चूल पेटवली आणि पाण्याचे पातेले चढवले. थंडीने कुडकुडत दादी म्हणाली, "शेगडीत थोडे निखारे घालून आत आणू का?"

"नाही, दादी! निखारे बाहेरच राहू देत. आत फक्त गरम पाणी जाईल."

आम्ही बाटल्यांमध्ये गरम पाणी भरले. झाकणे घट्ट लावली. पिल्लांना चटका बसू नये म्हणून बाटल्यांना जुने पायमोजे चढवले आणि त्या गादीवर मधोमध ठेवल्या. कड्यावर गोणपाट टाकले. पण एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली. थोड्याच वेळात पिल्ले बाटल्यांना बिलगली. ओरडणे कमी झाले. मी कंदील धरून वाकून पाहिले. ती ढीग करून नव्हे, बाटल्यांच्या भोवती रांगेने बसली होती. मधूनच एखादे चिवचिवत होते. हा आवाज वेगळा होता. आता तो मला कळत होता.

बाटल्यांतले पाणी तासाभरात कोमट होई. खाटेवर पडलेले अब्बा घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. "दोन वाजले!" ते हाक देत. अम्मी पाणी आणी, मी बाटल्या बदली. "तीन वाजले!" पुन्हा तेच. पाय मोडल्यापासून अब्बा फारसे बोलत नसत. त्या रात्री मात्र त्यांनी आमच्यापैकी कोणालाही झोपू दिले नाही.

पहाटे पाचच्या सुमारास अम्मी माझ्याजवळ येऊन बसली. तिने आपली शाल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "झोप आता थोडं. मी बघते."

त्या सकाळनंतर अम्मीच्या न बोलण्याचे ओझे माझ्या मनावर होते. ते त्या क्षणी उतरले.

उजाडल्यावर वीज आली. मी पिल्ले मोजली. पुन्हा मोजली. पंधराच्या पंधरा होती.

पुढे दर आठवड्याला आम्ही बल्ब वर घेत गेलो. पिल्लांच्या पंखांवर आधी पिसे आली, मग पाठीवर आली. पाचव्या आठवड्यात दिवसा बल्बची गरज उरली नाही. थंडी ओसरल्यावर रात्रीचाही बल्ब काढला आणि पिल्ले अंगणातल्या खुराड्यात गेली. अब्बाही काठी टेकत अंगणात येऊन त्यांना दाणे टाकू लागले.

जूनच्या अखेरीस एका सकाळी मुन्ना खुराड्यातून धावत आला. त्याच्या तळहातावर एक लहानसे अंडे होते. ते अजून गरम होते. अम्मीने ते आधी माझ्या हातात दिले.

पिल्लांचे ते खोके मी टाकून दिले नाही. त्यात आता माझी दहावीची पुस्तके असतात. घरी येणारी माणसे विचारतात, "या खोक्याला भोकं कशाला पाडली?" उत्तर द्यायला मुन्ना नेहमी माझ्या आधी धावतो.

शब्दार्थ

पारा उतरणे – तापमान कमी होणे
भिशी – काही जणांनी मिळून दरमहा पैसे जमवण्याची पद्धत
लव – मऊ, बारीक केस किंवा पिसे
खुडूक कोंबडी – अंडी उबवण्यासाठी बसणारी कोंबडी
खुराडे – कोंबड्यांचे घर, दरबा
तूस – धान्यावरचे टरफल
भरडा – जाडसर दळलेले धान्य
गोणपाट – पोत्याचे जाड कापड
बलक – अंड्यातील पिवळा भाग

वाक्प्रचार

अंगावर काटा येणे – खूप भीती वाटणे
डोळे लावून बसणे – आतुरतेने वाट पाहणे
मान खाली घालणे – शरमणे
ओझे उतरणे – काळजीतून मोकळे होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) द्राक्षांच्या बागेत शेतकरी शेकोट्या का पेटवतात?
(आ) अम्मीने पिल्ले आणण्यासाठी पैसे कोठून मिळवले?
(इ) पिल्लांच्या खोक्याला भोके कशासाठी होती?
(ई) ब्रूडरचे कडे गोल का ठेवतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या रात्री नऊ पिल्ले कशामुळे मेली?
(आ) बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे का असते?
(इ) एलईडी दिव्याऐवजी तारेचा बल्ब का वापरला?

प्र. ३. सात-आठ ओळींत उत्तरे लिहा.
(अ) वीज गेली त्या रात्री घरातील प्रत्येकाने काय केले?
(आ) 'आई ऊब देते, कोंडून ठेवत नाही,' या दादीच्या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. कोण, कोणास व केव्हा म्हणाले?
(अ) "तू त्यांची थंडी अडवायला गेलीस आणि त्यांची हवाही अडवलीस."
(आ) "प्रत्येक मरण तुझ्यामुळे नसतं, बेटी."
(इ) "झोप आता थोडं. मी बघते."

प्र. ५. जोड्या लावा.
'अ' गट : (१) दिव्याखाली दाटी (२) चोच उघडून धापा (३) सारी एका बाजूला (४) सगळीकडे पसरलेली
'ब' गट : (क) वाऱ्याचा झोत (ख) सारे ठीक (ग) थंडी (घ) उकाडा

प्र. ६. भाषाभ्यास
(अ) वचन बदला : पिल्लू, अंडे, चोच, पंख, बाटली, खोके.
(आ) पुढील शब्द मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळतात. प्रत्येकाचा वापर करून एकेक मराठी वाक्य लिहा : हवा, जमीन, दवाखाना, कागद, शाबास.
(इ) 'मी बाटल्या बदलते.' हे वाक्य भूतकाळात व भविष्यकाळात लिहा.

उपक्रम : तुमच्या परिसरात कोंबड्या पाळणाऱ्या व्यक्तीला भेटा. हिवाळ्यात व पावसाळ्यात पिल्लांची काळजी ती कशी घेते, ते विचारून दहा ओळींत मराठीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.